अर्धं धुतलेलं तोंड

"हलू नकोस," आपटेसाहेब म्हणाले. "डोळ्यांत जाईल."

मी हललो नाही.

बंगलोरच्या कॅन्टोन्मेंटमधल्या एका हॉटेलचा हॉल. समोर खुर्च्यांवर साबणाचे व्यापारी. हुबळीचे, म्हैसूरचे, मंगळूरचे, इथल्या चिकपेटेतले. मी स्टेजवर, स्टुलावर. न्हावी गुंडाळतो तसा गळ्याभोवती टॉवेल. शेजारच्या टेबलावर इनॅमलचं तसराळं, त्यात पाणी, आणि आमच्या कंपनीच्या नव्या साबणाची वडी. साहेबांच्या हातात ब्रश. दाढीचा नव्हे. रंगाऱ्याचा, लांब दांड्याचा. तो ब्रश आदल्या दिवशी इथल्याच शिवाजीनगरच्या बाजारातून मीच विकत आणला होता. दांडा चांगला लांब बघून आण, असं साहेबांनी बजावलं होतं. कशाला, ते मी विचारलं नव्हतं.

त्या सकाळी मी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आलो होतो. तोंड स्वच्छ होतं. तसं ते चालणार नव्हतं. म्हणून स्टेजच्या मागं शिपायानं माझ्या तोंडाला कोळशाची पूड फासली. फासताना तो हळूच म्हणाला, "स्वल्प सहन करा सार, साहेबांचा हुकूम आहे." मला वाटलं, काही नाटुकलं असेल. कॉलेजच्या संमेलनात मी एकदा राक्षस झालो होतो. तसंच काहीतरी.

साहेब व्यापाऱ्यांशी इंग्रजीत बोलत होते. त्यांचं इंग्रजी फार सुंदर. मी ते नेहमी मन लावून ऐकायचो.

"सभ्य गृहस्थहो, हा मुलगा बी. ए. आहे. जातीनं महार. ज्यांनी आजवर साबणाची वडी विकत घेतली नाही, त्यांच्यातला. असे लोक किती आहेत, ते आपापल्या गावाबाहेर जाऊन बघा. एवढं मोठं गिऱ्हाईक तुमच्या दाराशी उभं आहे, आणि तुम्ही त्याच्याकडे पाहतसुद्धा नाही."

मग त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला, वडीवर घासला आणि हात लांब करून माझ्या तोंडावर फिरवला. डावा गाल. अर्धं कपाळ. अर्धी हनुवटी. नाकावरून मधोमध सरळ रेघ. शिपायानं ओल्या फडक्यानं फेस पुसला. उजवी बाजू काळी ती काळीच.

"आता सांगा. यातला कुठला माणूस तुम्ही दुकानात घ्याल?"

चिकपेटेतला एक जाडा व्यापारी पुढच्या रांगेत बसला होता. तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "दोघंही पायरीखालीच बरे. पैसे तेवढे आत घेऊ."

सगळा हॉल हसला. साहेब हसले. मीसुद्धा हसलो. मोठी माणसं हसली की हसायचं, ही माझ्या तोंडाची सवय.

कार्यक्रम संपल्यावर मी मोरीकडे निघालो. साहेबांनी हाक मारली. आता मराठीत.

"कुठं निघालास?"

"तोंड धुवायला, साहेब."

"चहा होईपर्यंत राहू दे. जवळून बघू दे त्यांना."

"हो साहेब."

मी दाराजवळ उभा राहिलो. व्यापारी कपबशा घेऊन येत, बघत आणि जात. एकानं बिस्किटाचा तुकडा माझ्यापुढं धरून शेजाऱ्याला विचारलं, "कुठल्या बाजूला द्यायचं हो, काळ्याला की गोऱ्याला?" दुसरा म्हणाला, "मध्ये धर. दोघं भांडून खातील."

चहा संपेपर्यंत मी उभा होतो.

'हो साहेब' हे शब्द मला नीट म्हणता येत. लहानपणापासून येत.

मी निपाणीकडचा. आई तंबाखूच्या वखारीत पाला निवडायची. संध्याकाळी ती घरी आली की तिच्या आधी तिचा खोकला यायचा. वडील मी शाळेत असतानाच गेले. गावात मी शाळेच्या पडवीत बसून शिकलो. मास्तरांनी मला वर्गात बसवलं नाही, पण पडवीतून हाकललंही नाही, म्हणून मी त्यांचा आभारी होतो. वसतिगृहाचा आभारी होतो. जुनी पुस्तकं देणाऱ्या वकिलांचा आभारी होतो. बी. ए. झालो तेव्हा ज्यांनी ज्यांनी काही दिलं त्यांच्या दारात जाऊन पाया पडून आलो. काहींनी पाय मागं घेतले. विटाळ नको म्हणून घेतले असतील. मला तेव्हा तो त्यांचा विनय वाटला.

आमचा मुलूख नुकताच म्हैसूर राज्यात गेला होता. निपाणीची पोरं नोकरी शोधायला आता बंगलोरला यायला लागली होती. मीही आलो. आपटेसाहेब साबणाच्या कंपनीत विक्रीचे मॅनेजर. पुण्याचे. माझ्या अर्जातली जात त्यांनी वाचली, चष्मा काढला, मला नीट पाहिलं आणि म्हणाले, "अगदी तुझ्यासारखाच माणूस मला हवा होता."

मला रडू आलं. असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं.

काम असं होतं. शहराभोवतीच्या गरीब वस्त्यांत जायचं. लोक अंग कशानं धुतात, कपडे कशानं धुतात, साबण का घेत नाहीत, हे विचारून साहेबांना सांगायचं. मी मन लावून हिंडलो. माझं कानडी बेळगाव बाजूचं, रांगडं. बंगलोरचे लोक ऐकून हसत. पण वस्तीतल्या बायका बोलायच्या. मी साहेबांना येऊन सांगितलं की लोकांना साबण नकोसा नाही. वडी मोठी आहे, एकदम घ्यायला परवडत नाही. दुकानदार तारेनं कापून तुकडा विकतो तो त्यांना बरा वाटतो. आणि मुख्य म्हणजे वस्त्यांत पाणीच नाही. विहीर दुसऱ्यांची, नळ लांबच्या रस्त्यावर, तिथंही यांचा नंबर शेवटी. आधी पाणी, मग साबण.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पाणी नगरपालिका बघेल. तू मला एक सांग. त्यांना आपण घाणेरडे आहोत असं वाटतं का?"

"नाही साहेब. दमलेले आहेत, असं वाटतं."

"मग तिथंच आपलं काम आहे," साहेब म्हणाले. "आधी लाज वाटायला लावायची. एकदा लाज वाटली की माणूस उपाशी राहील, पण साबण घेईल."

आणि ते हसले. मला त्यातलं सगळं कळलं नाही. कळलं तेवढं मी बाजूला ठेवलं. कारण त्या दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. नव्या साबणाची गाडी वस्त्यांतून नीट फिरली, तर मला कायम करणार. कायम झालो की कंपनीची खोली. खोली मिळाली की आईला वखारीतून काढून इकडे आणायचं. तिला तसं सांगूनही आलो होतो. ती आता रोज वखारीतल्या बायकांना सांगत असणार, हे मला ठाऊक होतं.

म्हणून हॉटेलमधल्या त्या दिवसानंतरही मी कामावर गेलो. तोंड धुतलं आणि गेलो. आईसाठी गेलो, असं स्वतःला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात गाडी निघाली.

निळी व्हॅन. टपावर भोंगा. मागचं दार उघडलं की त्याचाच ओटा होई. ओट्यावर तसराळं, साबणाच्या पेट्या आणि पाण्याचं भलंमोठं पिंप. पिंपाला खाली तोटी. ड्रायव्हर मुनिस्वामी. पहिल्या दिवशी आपटेसाहेब स्वतः आले, कारण मुंबईहून कंपनीचे डायरेक्टर बघायला आले होते. त्यांच्या गळ्यात कॅमेरा.

कोरमंगल्याच्या बाजूला तेव्हा शेतं आणि तळं. तळ्यापलीकडे दगडफोड्यांच्या झोपड्या. शहराबाहेर नवे कारखाने उठत होते, त्यांच्यासाठी हे लोक दगड फोडायचे. बरीच माणसं आमच्याच मुलखातली, चिकोडी-संकेश्वरकडची. गाडी थांबली, भोंग्यावर गाणं लागलं आणि पोरं धावत आली. अंगावर पांढरी दगडाची धूळ. केसांत, पापण्यांवर, सगळीकडे.

"इथं कोळसा लागायचा नाही," साहेब माझ्या कानाशी म्हणाले.

त्यांनी एका मुलीला बोटानं बोलावलं. सातआठ वर्षांची असेल. नाव गंगू. ती हसत हसत ओट्यावर चढली. गाडीवर चढायला मिळालं, याचाच तिला आनंद. साहेबांनी ब्रश घेतला. तोच. हात लांब केला आणि तिचं अर्धं तोंड धुतलं. डावा गाल, अर्धं कपाळ, अर्धी हनुवटी. रेघ मधोमध. डायरेक्टरांनी फोटो काढला.

मुलगी दुसरा गाल पुढं करून थांबली. तिला वाटलं, आता इकडचं.

"झालं. उतर," साहेब म्हणाले.

ती उतरेना. माझ्याकडे बघून म्हणाली, "ही बाजू?"

"तिला सांग, आईला म्हणावं साबण घे. मग ही बाजू घरी धू."

मी सांगितलं नाही. मुनिस्वामीनं तिला उचलून खाली ठेवलं. खाली पोरांनी तिला घेरलं. "अर्ध मुख! अर्ध मुख!" अर्धं तोंड, अर्धं तोंड. एक पोरगा तिच्या धुतलेल्या गालाला माती लावायला बघत होता, दुसरा न धुतलेल्या गालावर थुंकी लावून पुसायला. ती दोन्ही हातांनी तोंड झाकून पळाली. पळत आईकडे गेली.

आई काशव्वा. हातात अजून हातोडी. तिनं पोरीचं तोंड वर केलं, पाहिलं, आणि मग जमलेल्या सगळ्यांकडे पाहिलं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. डायरेक्टर हसत होते. काशव्वानं पोरीच्या थोबाडीत दिली. धुतलेल्याच बाजूला.

"कुणी सांगितलं तुला वर चढाय? सगळ्यांत माझं नाक कापलंस! रांडं, मी तुला धूत न्हाई व्हय? पानी हाय का घरात?"

आणि दुसरी दिली.

आपटेसाहेब डायरेक्टरांकडे वळले. त्यांचा चेहरा उजळला होता. मला त्यांचं इंग्रजी नीट कळायचं, ते मी आधीच सांगितलं.

"पाहिलंत? हीच गंमत आहे. आपण काही बोलायचंसुद्धा नाही. बाकीचं काम त्यांची आईच करते. ती आज साबण घेणार."

मग ब्रश माझ्या हातात देत मराठीत म्हणाले, "आता तू. यांना यांचा माणूस दिसला पाहिजे. तो धाकटा बघ, नाक गळतंय तो. त्याला घे. आणि लक्षात ठेव, अर्धंच."

ब्रशचा दांडा ओला होता. मी तो धरून उभा राहिलो. हॉटेलमध्ये माझ्या तोंडावर हा ब्रश फिरला तेव्हा मला राग आला नव्हता. लाज वाटली होती. तेव्हापासून ती वाटतच होती. त्या लाजेनं मी रोज दोनदा अंघोळ करायला लागलो होतो. दुकानात शिरताना उजवा गाल चाचपायला लागलो होतो. साहेब जे विकायला निघाले होते, ते मी आधीच विकत घेतलं होतं.

मी ब्रश खाली ठेवला.

"नाही, साहेब."

"काय?"

"अर्धं नाही धुणार."

"डायरेक्टर उभे आहेत. तमाशा करू नकोस."

मी ओट्यावरून उतरलो. काशव्वापाशी गेलो. ती मला बघून मागं सरली. तिला वाटलं, मी साबणाचं बोलायला आलो. मी म्हणालो, "आक्का, पोरीला द्या जरा." आमच्या बाजूची बोली ऐकून ती थांबली. मी गंगूला उचलून ओट्यावर आणलं आणि पिंपाची तोटी सोडली. ब्रश नाही. हातानं. तिचं सगळं तोंड धुतलं. मान धुतली, कान धुतले, हात कोपरापर्यंत धुतले. ती हुंदके देत होती. पाणी ओट्यावरून खाली सांडायला लागलं तशी बायकांची नजर पाण्यावर गेली.

मग मी भोंग्याचा माइक हातात घेतला. मला त्यात साबणाचं भाषण करायचं होतं. पाठ केलेलं होतं. मी मराठीत आणि माझ्या रांगड्या कानडीत एवढंच म्हणालो, "पाणी आहे. घागरी आणा."

बायका क्षणभर बघत राहिल्या. मग धावल्या. घागरी, डबे, एक फुटकं मडकं, एकीनं तर स्वैपाकाचं पातेलं उष्ट्यासकट आणलं. रेटारेटी झाली, शिव्या झाल्या, एकीनं दुसरीची घागर लाथेनं उडवली. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. कुणी साबणाकडेही पाहिलं नाही.

साहेब ओरडत होते. "तोटी बंद कर! मुनिस्वामी, बंद कर ती!"

मुनिस्वामी गाडीच्या पुढच्या चाकाशी वाकून बसला होता. तिथूनच म्हणाला, "चाकात हवा कमी दिसते सार. बघतोय."

पिंप रिकामं झालं. पाण्याशिवाय साबण दाखवता येत नाही. डायरेक्टर गाडीत जाऊन बसले. साहेब माझ्याजवळ आले, पण हाताच्या अंतरावर थांबले.

"तुला माणसात आणला मी."

"मी माणसातच होतो, साहेब. तुम्ही कोळसा फासेपर्यंत."

"इथून चालत जा," ते म्हणाले, आणि गाडी गेली.

काशव्वा घागर डोक्यावर घेऊन माझ्यासमोरून गेली. आभार वगैरे काही नाही. जाताना म्हणाली, "उद्याच्याला येनार काय गाडी?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "मग काय उपेग?" आणि गेली.

सोमवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते शांत होते. पंखा चालू होता. मला बसायलाही सांगितलं, पहिल्यांदाच.

"हे बघ, तू तापट नाहीस. चांगला मुलगा आहेस. डायरेक्टर आज संध्याकाळच्या गाडीनं जाताहेत. त्यांच्यासमोर एवढंच म्हण, चूक झाली. मी तुला कायम करतो. तुझी आई आहे ना तिकडे, वखारीत?"

आईचं मीच त्यांना सांगितलं होतं, पहिल्या दिवशी, कृतज्ञतेनं.

"चूक झाली नाही, साहेब."

"अरे, शब्दच आहेत ते. तोंडानं म्हणायचे आणि विसरायचे."

"तोंड माझं आहे."

ते माझ्याकडे बघत होते. रागानं नाही. विकत घेतलेली वस्तू बिघडलेली निघाली की माणूस बघतो, तसे. मग घंटी वाजवून त्यांनी शिपायाला आत बोलावलं आणि मला बाहेर न्यायला सांगितलं.

मी निपाणीला गेलो. आईला सगळं सांगितलं. हॉटेल, कोळसा, ब्रश, बिस्किट, काहीही न लपवता. मला वाटलं, ती मला जवळ घेईल. ती तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं बघत बसली. मग म्हणाली, "तोंडच धुतलं न्हवं का? धुवून घ्यायचं हुतं. आम्ही काय काय करून घेतलंय, तुला ठावं न्हाई." तिला खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाली, "वखारीत सगळ्यांला सांगून बसले मी."

दुसऱ्या दिवशी ती वखारीत गेली. मी बंगलोरला परत आलो.

गाडी फिरतच राहिली. माझ्या जागी दुसरा आला. आमच्यातलाच, बी. ए.च. शिवाजीनगरच्या बसस्टँडवर, मार्केटमागच्या गल्ल्यांत मला अर्ध्या तोंडाची पोरं दिसत. साबण खपला. चिकपेटेतल्या दुकानांतून पायरीखाली उभे राहून लोक तो घ्यायचे. साहेबांचं गणित बरोबर होतं. माझ्यामुळं त्यांचं काहीही अडलं नाही.

माझं अडलं. अजून अडतं. आई अजून वखारीतच आहे. मी एका छापखान्यात प्रुफं वाचतो, संध्याकाळी पोरांना शिकवतो, आणि मधून मधून बऱ्या नोकरीसाठी अर्ज करतो. मुलाखतीला बोलावलं की खुर्चीवर बसायच्या आधी जात सांगतो. मग पदवी सांगतो. मग सांगतो की माणसाला स्वतःचीच लाज वाटावी असं कुठलंही काम मी करणार नाही, ते तुमच्याकडे असेल तर आत्ताच सांगा. समोरचे एकमेकांकडे बघतात. कुणी म्हणतं, फार मग्रूर आहे. कुणी म्हणतं, यांना शिकवलं की असंच होतं. बऱ्याच दारांतून परत आलो आहे.

परवा एकानं विचारलं, "तुम्हाला नोकरी दिली तर आमचे उपकार तरी मानाल ना?"

मी म्हणालो, "काम करीन. पगार घेईन. उपकार मानणार नाही."

ती नोकरी मिळाली नाही. पुढच्या ठिकाणीही मी हेच सांगणार आहे.